टाचदुखीसाठी पायाला टेप कसा लावायचा

"सकाळी उठलं की पाय टेकवल्या जात नाही हो मॅडम. भिंतीला धरून दहा-बारा पावलं चालते, मग मोकळं होते. दुपारी जरा टेकलं, उठलं, की पुन्हा तसंच दुखून राहिलं."

नागपुरात फिजिओथेरपी करायला लागल्यापासून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद नाही. सांगणारे वेगवेगळे असतात. कुणी दिवसभर उभं राहून शिकवणाऱ्या शिक्षिका, कुणी पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव करणारा पोरगा, कुणी इतवारीतल्या दुकानात गादीवरून शंभरदा उठबस करणारे काका. वाक्य मात्र जवळपास तेच असतं. यातल्या बऱ्याच जणांना मी पहिल्याच भेटीत पायाला टेप लावून देते आणि घरी कसा लावायचा ते शिकवते. शिकवताना सगळे मान डोलावतात. दोन दिवसांनी फोन येतो, "मॅडम, पट्टी आतून बाहेर ओढायची की बाहेरून आत?" म्हणून समोर बसवून सांगते तसं सगळं इथे लिहून काढलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. टेपने टाच बरी होत नाही. टेपने काही दिवसांची उसंत मिळते. त्या उसंतीत व्यायाम आणि चपला यांचं काम उरकायचं असतं. नुसता टेप लावत बसलात तर महिनाभराने रोल संपेल आणि दुखणं तिथेच असेल.

आधी दुखणं ओळखा

तळव्यात टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पट्टा जातो. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. हा पट्टा टाचेला जिथे चिकटतो तिथे, म्हणजे टाचेच्या खाली आतल्या अंगाला किंचित पुढे, दुखणं सुरू होतं. अंगठ्याने तिथे दाबलं की माणूस पाय झटकन ओढून घेतो. सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट, चालल्यावर थोडं हलकं, खूप वेळ उभं राहिलं की संध्याकाळी पुन्हा जड. हे चित्र तुमच्याशी जुळत असेल तर हा टेप तुमच्यासाठी आहे.

"हाड वाढलंय" असं सांगून एक्स-रे दाखवणारे खूप येतात. टाचेखाली हाडाचा काटा दिसतो हे खरं. पण तसाच काटा अजिबात न दुखणाऱ्या पायांतही सापडतो, आणि काटा नसलेल्या टाचाही तितक्याच दुखतात. त्या एक्स-रेला घाबरून चालणं सोडू नका.

काही दुखणी दिसायला अशीच असतात, पण त्यांना टेप लावणं चुकीचं आहे. दुखणं टाचेच्या मागे, पोटरीच्या दोरीसारख्या शिरेपाशी असेल तर तो वेगळा आजार. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर जोराने दुखत असेल, विशेषतः पळण्याचा सराव अचानक वाढवलेल्या पोरांत, तर हाडाला बारीक भेग असू शकते. तळव्यात मुंग्या येणं, बधिर होणं, आग होणं ही नसेची तक्रार. आठ ते चौदा वर्षांच्या मुलाची टाच दुखत असेल तर वाढीच्या हाडाचा प्रश्न असतो. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही अर्धा-पाऊण तास आखडलेली असते, तेव्हा संधिवाताची तपासणी लागते. ताप, सूज, लाली, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, उडी मारल्यावर किंवा पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, यांपैकी काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातल्या, फिजिओथेरपी विभागात पाय दाखवता येतो. सकाळी लवकर पोचलात तर दुपारपर्यंत मोकळे होता.

मधुमेह असलेल्यांना हात जोडून सांगणं आहे. ज्यांच्या तळव्याची जाणीव कमी झाली आहे, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, त्यांनी घरच्या घरी टेप लावू नये. पट्टीची घडी त्वचेला कापत राहील आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. पायाचा रक्तपुरवठा कमी असलेले, तळव्याला जखम किंवा भेगांतून रक्त येणारे, बोटांत चिखल्या झालेले आणि चिकटपट्टीची ॲलर्जी असणारे यांनीही लांब राहावं. तापवलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकणं आपल्याकडे घरोघरी चालतं. शेकाने थोडा आराम वाटतोही. पण जाणीव कमी झालेल्या पायाला ती वीट भाजते, आणि अशी भाजलेली टाच भरून यायला महिने लागलेले मी पाहिले आहेत.

टेप नेमकं काय करतो

विहिरीवरचा रहाट आठवा. दोर गुंडाळला की बादली वर येते. पाऊल टाकताना टाच उचलली जाते आणि अंगठा मागे वाकतो, तेव्हा तळव्यातला पट्टा अंगठ्याच्या सांध्याभोवती असाच गुंडाळला जाऊन ताणतो आणि पायाची कमान वर उचलली जाते. ब्रिटनमधल्या हिक्स यांनी १९५४ साली ही रचना मांडली आणि तिला रहाटाचंच नाव दिलं. निरोगी पायात हा ताण कामाचा असतो. पट्ट्याचं टाचेकडचं टोक दुखरं झालं की प्रत्येक पाऊल त्याच टोकाला ओढतं.

न ताणणाऱ्या टेपच्या पट्ट्या तळव्याखालून आडव्या ओढून कमानीला टेकू दिला की कमान खाली बसताना थोडी अडते आणि त्या टोकावरची ओढ हलकी होते. एवढंच काम. पद्धतीचं नाव लो-डाय. डाय हे पायांवर उपचार करणाऱ्या एका अमेरिकन डॉक्टरांचं आडनाव, आणि टेप घोट्याच्या खालीच राहतो म्हणून लो.

किती गुण येतो? २००६ साली ऑस्ट्रेलियात ९२ जणांवर झालेल्या चाचणीत एका आठवड्यात सकाळच्या पहिल्या पावलाचं दुखणं टेपमुळे कमी झालं. फरक मोठा नव्हता, पण होता. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांतही टेपला जागा आहे, तीही इतर उपचारांच्या जोडीने आणि थोड्या दिवसांसाठी. माझा अनुभव असा की ज्यांना लागू पडतो त्यांना पहिल्याच दिवशी कळतं. म्हणून टेप ही एक परीक्षाही आहे. टेपने दुखणं उतरलं, तर कमानीला आधार देणारी चप्पल किंवा बुटातला सोल त्या पायाला मानवण्याची शक्यता चांगली. नाहीच उतरलं, तर महागडा सोल घेण्याआधी दोनदा विचार करा.

काय आणायचं

मेडिकल स्टोअरमध्ये झिंक ऑक्साइडचा कापडी चिकट टेप मागा. ल्युकोप्लास्ट या नावाने दुकानदाराला लगेच कळतं. रुंदी एक इंच किंवा दीड इंच. दीड इंची न ताणणारा स्पोर्ट्स टेप मिळाला तर उत्तम, तो जास्त घट्ट धरतो. कागदी मायक्रोपोर आणू नका, दहा पावलांत सुटतो. डायनाप्लास्ट ताणतो, त्यामुळे या कामाला तो माझ्या मते दुय्यम. खेळाडूंच्या खांद्यावर दिसणारा रंगीत लवचीक टेपही टाचेला वापरतात, पण त्याची लावण्याची तऱ्हा वेगळी आहे. नवख्याने एका वेळी एकच पद्धत शिकावी.

एका पायाला एका वेळी साधारण दोन मीटर टेप जातो. बरोबर हवी कात्री, स्वच्छ पंचा, आणि ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांच्यासाठी टेपच्या खाली लावायचा पांढरा, पातळ, जाळीदार चिकट कपडा. तोही सर्जिकलच्या दुकानात मिळतो.

आणि हवा दुसरा माणूस. स्वतःच्या पायाला स्वतः टेप लावता येतो, पण वाकून लावताना पाय नकळत वाकडा धरला जातो. माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंना त्यांचे अहो रोज सकाळी पट्ट्या लावून द्यायचे. पहिल्या दिवशी त्यांचा हात थरथरत होता. आठव्या दिवशी ते माझ्यापेक्षा सरळ पट्टी लावत होते.

आदल्या दिवशी

टेपचा दोन बोटं रुंद तुकडा पायाच्या आतल्या कडेला लावून एक दिवस तसाच ठेवा. खाज, पुरळ, लाल चट्टा उठला तर हा टेप तुमचा नाही. ही पायरी लोक सर्रास गाळतात. मीही सुरुवातीच्या काळात एका रुग्णाच्या बाबतीत घाईत गाळली होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या कमानीवर पाण्याचे फोड आले. टाचेचं दुखणं राहिलं बाजूला, दहा दिवस त्या फोडांचीच मलमपट्टी झाली. तेव्हापासून माझ्याकडे हा तुकडा लावल्याशिवाय पूर्ण टेप लागत नाही.

पायाच्या कडेला केस असतील तर तेही आदल्या दिवशीच काढा. त्याच दिवशी वस्तरा फिरवून वर टेप लावला तर आग होते.

टेप लावताना

पाय साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्यांसह पूर्ण कोरडा करा. तेल, क्रीम, पावडर काही नको. तळपायाला घाम येत असेल तर पाच मिनिटं पंख्याखाली बसा.

टेप लावण्याआधी खुर्चीवरून उठून चार पावलं चाला आणि दुखण्याला दहापैकी किती गुण ते कागदावर लिहा. नंतर हाच आकडा कामाला येणार आहे.

आता पलंगावर पाय लांब करून बसा, घोटा पलंगाच्या काठाबाहेर येईल असा. लावणारा माणूस तळव्यासमोर बसेल. घोटा काटकोनात, बोटं छताकडे. पाय सैल सोडून बोटं पुढे झुकली, तर उभं राहिल्यावर टेप एकतर काचेल नाहीतर सुटेल.

पट्ट्या आधीच कापून पलंगाच्या कडेला लटकवून ठेवा. लांब पट्टीचं माप दोरीने घ्या. करंगळीच्या मुळाशी पायाच्या कडेला जो सांधा हाताला लागतो त्याच्या मागून दोरी सुरू करा, बाहेरच्या कडेने टाचेला वळसा घाला आणि आतल्या कडेने अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यामागे थांबा. अशा तीन पट्ट्या. आडव्या पट्ट्यांचं माप म्हणजे बाहेरच्या कडेपासून तळव्याखालून आतल्या कडेपर्यंत, दोन्हीकडे दोन-दोन बोटं जास्त. दीड इंची टेप असेल तर अशा चार-पाच, एक इंची असेल तर सहा-सात. प्रत्येक पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करा, म्हणजे मोज्यात अडकून उचलले जात नाहीत.

पहिली लांब पट्टी. करंगळीच्या सांध्यामागे चिकटवा आणि बाहेरच्या कडेने मागे न्या. टाचेमागून वळवताना पट्टी खाली, टाचेच्या गोलाईवरच राहू द्या. वर सरकून पोटरीच्या शिरेवर गेली की प्रत्येक पावलाला घासते आणि संध्याकाळपर्यंत कातडी सोलते. टाचेमागे ओढायचं नाही, नुसतं बसवायचं. आतल्या कडेला आल्यावर थांबा. एका हाताच्या अंगठ्याने पायाच्या अंगठ्यामागचा चवड्याचा भाग हळूच खाली, तळव्याच्या दिशेने दाबून धरा. कमान उंच झालेली दिसेल. तशीच धरून पट्टीचं टोक हलक्या ओढीने अंगठ्याच्या सांध्यामागे चिकटवा. नवखे लोक नेमका हा दाब विसरतात, आणि मग "टेप लावला पण काही वाटलं नाही" म्हणतात.

दुसरी लांब पट्टी पहिलीवर अर्धी चढवून, तशीच. तिसरी बाजूला ठेवा, ती शेवटी लागेल.

आता आडव्या पट्ट्या. टाचेच्या गादीचा पुढचा काठ, जिथे दाबल्यावर तुम्ही ओरडता, तिथून सुरुवात करा. टोक बाहेरच्या कडेवर, लांब पट्टीवर चिकटवा. पट्टी तळव्याखालून आत आणा. आतल्या कडेला पोचली की वरच्या दिशेला ओढा आणि लांब पट्टीवर बसवा. फोनवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ओढ नेहमी बाहेरून आत आणि वर. उलटी ओढ लागली की कमान आणखी खाली बसते.

किती ओढायचं? कमानीची कातडी किंचित वर उचललेली दिसेल एवढं. ओढीने पाय वळून तळवा आतल्या बाजूला दिसायला लागला, तर जास्त झालं. असा पाय जमिनीवर टेकला की सगळा भार बाहेरच्या कडेवर जातो, आणि दोन दिवसांत घोट्याची बाहेरची बाजू दुखायला लागते.

पुढची पट्टी आधीचीवर अर्धी चढवत चवड्याकडे जा. चवड्याच्या अलीकडे थांबा. चवडा मोकळाच हवा, कारण पाऊल उचलताना तो वाकणार आणि तिथली पट्टी गुंडाळी होऊन टोचणार. प्रत्येक पट्टी चिकटवल्यावर तळहाताने घासून घ्या, उबेने गोंद धरतो. मध्ये सुरकुती पडली तर ती पट्टी काढून नवीन लावा. चार आण्यांच्या टेपसाठी पायाला फोड आणू नका.

शेवटी तिसरी लांब पट्टी आडव्या पट्ट्यांच्या टोकांवरून फिरवा. ती कुलूप आहे, सगळी टोकं तिच्याखाली दाबली जातात. हिला ओढ नको.

काही जण पायाच्या वरच्या बाजूनेही एक पट्टी घालून गोल पूर्ण करतात. मी घरी लावणाऱ्यांना ती घालू देत नाही. आपल्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत पाय सुजतो, आणि पूर्ण गोल टेप सुजेला जागा देत नाही. पायाची वरची बाजू उघडी ठेवा.

लावून झाल्यावर

बसल्याबसल्या अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बोटं थंड, निळसर किंवा बधिर वाटली तर टेप लगेच काढा, सकाळपर्यंत वाट पाहू नका.

मग उभे राहा, चार पावलं चाला आणि दुखण्याला पुन्हा गुण द्या. सात होते ते चारवर आले तर छान. कमानीखाली कुणीतरी हात दिल्यासारखं वाटणं बरोबर आहे. टोचणं, काचणं, जास्त दुखणं बरोबर नाही. दोन-तीन वेळा नीट लावूनही आकडा हलला नाही तर टेपचा नाद सोडा. तुमच्या टाचेला त्याने फरक पडत नाही, हे कळणंही उपयोगाचंच आहे.

ठणका कमी झाला म्हणून त्याच दिवशी फुटाळा तलावावर दोन फेऱ्या जास्त मारू नका. टेपची पकड चालल्याने हळूहळू सैल होत जाते. सकाळी लावलेला टेप दुपारपर्यंत सकाळइतका घट्ट नसतो. टेप लावून रामटेकचा गड चढला आणि दुसऱ्या दिवशी पाय टेकवेना, असं सांगत येणारे दरवर्षी भेटतात.

काढणं आणि पुन्हा लावणं

थंडीत दोन दिवस, फार तर तीन, टेप ठेवता येतो. आंघोळ केली तर पंचाने टिपून हेअर ड्रायरच्या थंड हवेने वाळवा. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना मात्र सकाळी लावलेला टेप रात्री काढायचाच. घामाने खालची कातडी पांढरी, मऊ होते आणि टेपबरोबर निघून येते. पावसाळ्यात बूट-मोजे भिजले तर टेपही त्याच दिवशी काढा, ओला टेप रात्रभर ठेवला की बोटांत चिखल्या झाल्याच म्हणून समजा.

काढताना झटका देऊ नका. कडेला खोबरेल तेल चोळून पाच मिनिटं मुरू द्या. मग टोक उचला आणि पट्टी पायाला समांतर, स्वतःवरच दुमडत मागे न्या. दुसऱ्या हाताने मागची कातडी दाबून धरा. पट्टी वर खेचायची नाही, कातडी तिच्यापासून सोडवायची. पाय साबणाने धुऊन तेल पूर्ण काढा, नाहीतर पुढचा टेप बसणार नाही. रात्रभर पाय उघडा ठेवा. कातडी लाल असेल तर एक दिवस सुट्टी.

असं दोन-तीन आठवडे. त्यापुढे रोज टेप लागत असेल तर बाकीच्या कामात काहीतरी राहून जातंय.

या दिवसांत करायचं खरं काम

सकाळी पलंगावरून पाय खाली सोडण्याआधीच पहिला व्यायाम. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. त्याच बाजूच्या हाताने बोटं धरून नडगीकडे मागे ओढा. दुसऱ्या हाताने कमानीत चाचपा, पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणलेला लागला पाहिजे. दहा आकडे मोजा, सोडा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, आणि त्यातली एक वेळ पहिल्या पावलाच्या आधीचीच. टेप लावायचा असेल तर हे ताण देऊन मग लावा.

पोटरीसाठी भिंतीला हात टेकवून दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. अर्धा मिनिट, तीनदा. पोटरी आखडलेली असेल तर तिची ओढ टाचेतून थेट तळव्यात उतरते.

आणि ताकदीचा व्यायाम, जो लोक सगळ्यात आधी टाळतात. टॉवेलची घट्ट गुंडाळी जिन्याच्या पायरीवर ठेवा, बोटं तिच्यावर वर वाकलेली, टाच पायरीबाहेर. कठड्याला धरून दुखऱ्या पायावर टाच उचला. तीन मोजत वर, दोन मोजेपर्यंत थांबा, तीन मोजत खाली. बारा वेळा, एक दिवसाआड. सोपं वाटायला लागलं की पाठीवर पुस्तकांची पिशवी घ्या आणि संख्या दहावर, मग आठवर आणा. डेन्मार्कमधल्या ४८ रुग्णांच्या अभ्यासात हा व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं तीन महिन्यांनी नुसत्या ताणाच्या व्यायामापेक्षा जास्त कमी झालं होतं. एका पायावर जमत नसेल तर दोन्हींवर सुरू करा. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं चालत नाही. तसं झालं तर वजन कमी करा.

आता चपला. आपल्याकडे घरात अनवाणी चालायची रीत आहे, आणि घराघरांत फरशी कोटा नाहीतर टाइल्सची, दगडासारखी कडक. उन्हाळ्यात ती गार लागते म्हणून आपण मुद्दाम पाय टेकवतो. टाचदुखी असलेल्या माणसाने घरासाठी वेगळी, धुतलेली, जाड आणि मऊ तळाची चप्पल ठेवावी, टाचेकडे किंचित उंच असलेली. "स्वयंपाकघरात चप्पल कशी घालू?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. ती चप्पल उंबऱ्याबाहेर जातच नाही, तर ओट्याशी घालायला हरकत काय? एका आजींनी पर्याय काढला. ओट्यापुढे चौपदरी सतरंजी आणि देवघरापुढे आसन. चालेल. चपटी रबरी स्लीपर मात्र घरातही नको, बाहेरही नको.

वेळेबद्दल खोटी आशा दाखवत नाही. टाच रांगेला लागायला बहुतेकांना काही महिने लागतात, काहींना वर्षही. पण बहुसंख्य लोक इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात. सहा ते आठ आठवडे व्यायाम नेमाने करूनही सकाळचा आकडा जागचा हलला नाही, तर पुन्हा तपासून घ्या. टेप आणखी घट्ट ओढून तो हलणार नाही.

टेप सोडायचा कसा

एकदम नको. आधी सुट्टीच्या दिवशी लावू नका, मग एक दिवसाआड करा, मग फक्त जास्त उभं राहायच्या दिवशी. वर सांगितलेल्या काकूंचा रोजचा टेप पाचव्या आठवड्यात सुटला. त्यानंतर त्यांनी तो अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाताना एकदा लावला आणि घरातल्या एका लग्नात दोन दिवस.

उरलेला रोल कपाटावर किंवा खिडकीत ठेवू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात गोंद वितळून कडांतून बाहेर येतो, आणि पुढच्या वेळी पट्टी सुटता सुटत नाही, बोटांना मात्र चिकटते. झाकणाच्या डब्यात, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. माझ्याकडचे बरेच जण तो पाण्याच्या माठाशेजारच्या फळीवर ठेवतात, आणि तिथे तो वर्षभर चांगला राहतो.